पाच छपरं आणि एक रिकामा रकाना

मामा, अन्याय झाला तो सहा वर्षांच्या टुकटुकीवर, आणि तुझ्यावर. दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. वेळ मला नक्की आठवते, कारण वर्गातल्या घड्याळाखालीच मी उभी होते. बारा वाजता मला पत्रकं वाटायला जायचं होतं आणि गठ्ठा हातातच होता. पत्रकाचा मथळा होता, "मुलांचं ऐका!" उद्गारचिन्हं आधी तीन होती. दोन तू खोडायला लावली होतीस.

तू गेलास त्याला आज एकोणीस दिवस झाले. इथल्या मराठी मंडळाने आपल्या अंकात दोन पानं दिली आहेत आणि सांगितलंय, "रेवा, तू भाची, तूच लिही, जरा हृद्य होऊ दे." शोकसभेतही हृद्यच चाललं होतं. शांत माणूस. कधी कोणाला दुखावलं नाही. जन्मभर गार्डन रीचच्या गोदीत जहाजांचे आराखडे काढले, निवृत्तीनंतर डमडमला मुलाकडे राहिले, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मी मागच्या खुर्चीत दात आवळून बसले होते. शांत कसला? तू पडतं घेणारा होतास. दोन्हीत फरक आहे आणि तो फरक काय आहे हे मला आत्ता आत्ता कळलंय, म्हणून हे हृद्य वगैरे होणार नाही. तुझ्याशी भांडण अर्धवट राहिलंय. ते आधी पुरं करू दे.

भांडण कशावरून होतं ते मंडळातल्या लोकांना माहीत नाही. त्यांना वाटतं तू नातीला "थोडं मराठी वाचायला" शिकवत होतास.

थोडं! दर संध्याकाळी पाच वाजता तुझ्या टेबलाचं कव्हर निघायचं. जाड ड्रॉइंगचा कागद, त्यावर टोकदार पेन्सिलीने दोन फिक्या रेघा, आणि त्या रेघांमध्ये एकसारख्या उंचीची अक्षरं. डोक्यावरची रेघ मात्र नाही. सगळी अक्षरं बोडकी. टुकटुकी खुर्चीवर उशी घेऊन, त्या उशीवर गुडघे टेकून, बोट ठेवून वाचायची. ब... शी... बशी. बरोबर आलं की तू खिशातली स्टीलची छोटी पट्टी तिच्या हातात द्यायचास. मग ती जीभ बाहेर काढून त्या शब्दाच्या डोक्यावर रेघ ओढायची.

"वाचलं की छप्पर," तू म्हणायचास. "नाही वाचलं, तर राहू दे उघड्यावर."

"आजोबा, ते भिजेल ना!"

"भिजू दे. न वाचता छप्पर घालणं म्हणजे चीटिंग."

आणि थ, ध, भ आले की तुमचा खास सोहळा. त्यांच्या डोक्यावरची रेघ पूर्ण नसते, तिथे फट सोडायची. त्याला तुम्ही खिडकी म्हणायचात. मला शाळेत दोन वर्षं ओरडून कोणी जे समजावू शकलं नाही, ते या पोरीला एका खिडकीत समजलं. हे तुझ्या तोंडावर मी कधी कबूल केलं नाही. आता करते. चिडून करते, पण करते.

कारण तेव्हा मी काय म्हणत होते? "मामा, हे घोटणं आहे. सुटे सुटे शब्द. संदर्भ कुठाय? गोष्ट कुठाय? मूल अर्थातून वाचायला शिकतं." आम्ही वस्तीत वाचनालय चालवतो, शिबिरं घेतो, मला सगळं माहीत होतं. तू पेन्सिलीला टोक करत म्हणालास, "मला जहाजाचा आराखडा वाचायला शिकवला, तेव्हा समुद्राची गोष्ट कोणी सांगितली नव्हती."

"म्हणूनच तू चाळीस वर्षं जहाजं काढलीस आणि गंगा ओलांडायच्या फेरीबोटीत तुला ओकारी येते."

तू हसलास. टुकटुकीही हसली, तिला ओकारी हा शब्द फार आवडला. दुसऱ्या दिवशी तो कागदावर होता. छपरासकट.

आता या पोरीचा प्रश्न काय होता तेही सांगते. नाव सानिका, पण पाड्यातल्या, म्हणजे आपल्या गल्लीतल्या, बायकांनी टुकटुकी ठेवलं आणि तेच चिकटलं. खाली बांगला, शाळेत इंग्लिश, मैत्रिणींशी हिंदी, घरात मराठी. निखिल, तुझा मुलगा, न्यू टाउनच्या ऑफिसातून येईस्तोवर पोरगी पेंगायला लागलेली. राधिकावहिनी बँकेतून येऊन स्वयंपाकाला लागलेली. वाचायला बसवणारा घरात एकच माणूस होता. शाळेत ती वाचनात मागे होती हे खरंच आहे. ते मी नाकारत नाही. मागे होती, पण पुढे येत होती, आणि ते तिने स्वतः लिहून ठेवलं होतं. आम्हा शहाण्यांना वाचता आलं नाही.

तर तो शनिवार. निखिलचा कॉल होता, म्हणून वहिनी, तू आणि मी. मिसनी टुकटुकीची इंग्लिशची वही उघडून समोर ठेवली. आठ चित्रं, आठ शब्द, मुलांनी बघून लिहिलेले. कॅट, हेन, सन, बस, पेन, फिश, मून, शिप. त्यातल्या पाच शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीची सरळ रेघ. प्रत्येक रेघेभोवती लाल गोल. खाली लाल अक्षरात सूचना, रेघा ओढू नयेत.

"देखिए," मिस म्हणाल्या, "ये हर पेज पे ऐसा कर रही है। हिंदी, बांगला, ऊपर से मराठी। बच्ची कन्फ्यूज हो गई है। घर पे वो जो एक्स्ट्रा लैंग्वेज पढ़ाते हैं ना, थोड़े दिन बंद कर दीजिए।"

टुकटुकी तिथेच होती, मामा. वहिनीच्या ओढणीचं टोक चघळत. पाच माणसांच्या त्या बैठकीत एकाच माणसाला उत्तर माहीत होतं आणि त्या माणसाची उंची बाकाएवढी होती. तिला कोणीही काहीही विचारलं नाही. मिसनी नाही, आईने नाही. मी नाही. "मुलांचं ऐका" माझ्या काखेत होतं.

आणि तू? तू वही हातात घेतलीस, चष्मा कपाळावर सरकवलास, पान डोळ्यांजवळ नेऊन पाहिलंस. बराच वेळ पाहिलंस. मग वही खाली ठेवून म्हणालास, "ठीक है मैडम।"

ठीक काय ठीक?

परत येताना टोटोत, त्या बॅटरीच्या रिक्षात, आपण चौघं कोंबून बसलो होतो. वहिनी म्हणाली, "बाबा, राग मानू नका हं. थोडे दिवसच. तिचं इंग्लिश मार्गी लागलं की परत तुमचं सुरू." वहिनी वाईट बोलली नाही. तिला रात्री झोप लागत नव्हती मुलीच्या काळजीने, हे तुलाही माहीत होतं. वाईट बोलले ती मी. मी म्हणाले, "मी तर आधीपासून सांगत होते, मामा. तुझी ती पट्टी आणि ते छप्पर. मुलांना असं घोटून काही होत नाही."

टुकटुकी म्हणाली, "आत्या, पण..." आणि मी म्हणाले, "थांब गं सोन्या, मोठी माणसं बोलतायत."

तू पट्टी खिशात खोलवर ढकललीस. मी पाहिलं ते. स्टेशनपाशी उतरले आणि पत्रकं वाटायला गेले.

त्या संध्याकाळी ड्रॉइंगचे सगळे कागद दोरीने बांधून माळ्यावर गेले. टुकटुकीला कोपऱ्यावरच्या ट्यूशनला घातलं. महिन्याभराने वहीतल्या रेघा बंद झाल्या आणि मिसनी शेरा दिला, सुधारणा आहे. रेघा गेल्या म्हणून सुधारणा! वाचन तिथेच होतं, उलट आता ती पुस्तक दिसलं की पोटात दुखतंय म्हणायची. पण पान स्वच्छ होतं. स्वच्छ पान बघून आपण सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीसुद्धा. माझा राग आज कोणावर काढू सांग. मिसवर काढावा तर वर्गात इतकी पोरं की त्यांना पाणी प्यायला फुरसत नाही. वहिनीवर काढावा तर ती आधीच रडून रडून सुजली आहे. तू हाताशी होतास, आता तूही नाहीस.

बाराव्या दिवशी तुझं टेबल आवरायला घेतलं. टेबलामागे आराखडे ठेवायची ती लांब पुठ्ठ्याची नळकांडी उभी होती. झाकण काढलं, आत एकच कागद. ट्रेसिंग पेपर. मला वाटलं एखादी जुनी बोट असेल.

बोट नव्हती. टुकटुकीच्या वहीचं ते पान होतं.

रेघेला रेघ, तंतोतंत. वेडीवाकडी इंग्लिश अक्षरं, मांजराचं चित्र, मिसचे लाल गोल लाल पेन्सिलीने, आणि पाच सरळ रेघा. वही सोमवारी शाळेत परत जाणार, म्हणून तू शनिवारीच रात्रीचं जेवण व्हायच्या आत ते पान उतरवून घेतलंस, होय ना? शेजारी तुझ्या त्या छापल्यासारख्या अक्षरात टीप: "छप्पर = वाचता आला. वाचले ५, बाकी ३. चूक नाही." आणि खाली उजव्या कोपऱ्यात, तुझ्या प्रत्येक कागदावर असायची ती चौकट. "काढले" या रकान्यात तुझं नाव. "तपासले" या रकान्यात काहीच नाही.

टुकटुकी दारात उभी होती. बारा दिवस ती त्या खोलीत आली नव्हती.

"हे माझं आहे," ती म्हणाली.

"हो गं. ये इकडे. ह्या रेघा तू का ओढल्या होत्यास?"

माझ्याकडे तिने असं पाहिलं, जणू मी जरा मंद आहे. "छप्पर आहे ते. हे, हे, हे मला वाचता आले, म्हणून घातलं. हे तीन नव्हते येत, म्हणून ते तसेच ठेवले."

"पण इंग्लिशला छप्पर नसतं ना?"

"हां, माहीत आहे! बांगलाला असतं, हिंदीला असतं, मराठीला असतं. इंग्लिशला कोणी दिलंच नाही. मी आजोबांना विचारलं, ते गरीब आहेत का? आजोबा म्हणाले, त्यांच्याकडे तशी पद्धत नाही. तर मग मी दिलं. पण वाचलं त्यालाच दिलं. चीटिंग नाही केली."

"मग मिसना का नाही सांगितलंस?"

"मिसने विचारलं कुठे?" मग म्हणाली, "तू पण नाही विचारलं."

मामा, मी सभांमध्ये बोलते. मोठमोठ्या साहेबांना घाम फोडलाय मी. त्या पोरीसाठी मी फक्त खुर्ची ओढली आणि तिच्यावर उशी ठेवली.

आता माझं भांडण ऐक. तुला सगळं कळलं होतं. त्या वर्गात, चष्मा कपाळावर सरकवून पाहिलंस तेव्हाच. पाच रेघा मोजल्या असशील. मग बोलला का नाहीस? "मॅडम, पोरीला विचारा," एवढी तीन शब्दांची मागणी. तुझं हिंदी इतकंही वाईट नव्हतं. घरी आल्यावर वहिनीला का नाही सांगितलंस? "सूनबाई, हे बघ." का नाही? पुरावा काढलास, सुबक काढलास, टीप लिहिलीस, आणि नळकांड्यात घालून झाकण लावलंस! असा माणूस असतो का कुठे?

असतो, आणि तो का असा असतो तेही मला माहीत आहे, म्हणून तर जास्त चीड येते. तुमच्या ड्रॉइंग ऑफिसचा नियम. दुसऱ्या डोळ्यांनी तपासल्याशिवाय कागद खोलीबाहेर जायचा नाही. काढणाऱ्याने स्वतःचं स्वतः तपासायचं नाही. "आपण काढलेल्यात आपल्याला हवं तेच दिसतं, रेवे." याच नियमाने तू माझं एकेक पत्रक तपासलंस. "सर्व" हा शब्द खोडायचास आणि विचारायचास, "सर्वांना भेटून आलीस?" एका ओळीत चार ठिकाणी जाड ठसा दिसला की म्हणायचास, "सांगतेयस की ओरडतेयस?" मी चिडायचे, तू कोपऱ्यात बारीकशी बरोबरची खूण करून कागद परत द्यायचास. ती खूण असल्याशिवाय माझा एकही कागद छापखान्यात गेला नाही.

आणि तुझा कागद?

तू मागितलं होतंस. मला आता रोज आठवतं. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, मी जेवायला आले होते. हात धुताना तू मागे येऊन उभा राहिलास. "रेवे, एक कागद तपासून देशील? पाच मिनिटं."

"नंतर, मामा. मला पळायचंय."

"बरं."

आणि संक्रांतीला पुन्हा. तिळगूळ देताना, अगदी हळू. "तो कागद राहिला बघ आपला."

"हो हो, बघू."

बघू! तुला वाटलं असेल, हिने टोटोत आपल्या पट्टीचा निकाल लावलाय, हिलाच पटलं तर पुढे न्यावं. विरोधात असलेल्याकडून तपासून घ्यावं, हा तुझा न्याय. मामा, तो नियम जहाजांसाठी होता रे. जहाज बुडू नये म्हणून. इथे नात बुडत होती आणि तू तपासणीसाची वाट बघत बसलास! तिसऱ्यांदा माझी कॉलर धरायला हवी होतीस. ओरडायला हवं होतंस. मी तुला किती वेळा म्हणाले, एकदा तरी ओरड. एक उद्गारचिन्ह तरी आपल्या आयुष्यात वापर.

आणि मी? मी पाच मिनिटं दिली नाहीत. हे वाक्य मी सात वेळा वेगवेगळं लिहून पाहिलं. तू असतास तर बाकीचे शब्द खोडून हेच ठेवलं असतंस.

पुढचं थोडक्यात सांगते, तुला काळजी लागली असेल. त्याच दिवशी मी तुझा कागद तपासला. नियमाने. टुकटुकीला आठही शब्द चित्रं झाकून वाचायला लावले. छप्पर असलेले पाच तिने धडाधड वाचले. फिशवर अडली. मून आलं नाही. शिपवर बोट ठेवून बराच वेळ ओठ हलवत राहिली आणि एकदम म्हणाली, "शिप! आजोबांचं शिप! हे तेव्हा येत नव्हतं, आता येतं!" आणि टेबलावरची स्टीलची पट्टी उचलून थेट तुझ्या ट्रेसिंगवर ठेवली.

मी ओरडले, "थांब! पुरावा आहे तो!"

पोरगी दचकली. मग मी खाली जाऊन आधी झेरॉक्स काढून आणली. शेवटी मी ती मीच. वर येऊन म्हटलं, घाल आता छप्पर. तिने जीभ बाहेर काढून रेघ ओढली. तुझ्या रेघांइतकी सरळ नाही, पण डोक्यावर बसली. मी "वाचले ५" च्या खाली ६ लिहिलं आणि "तपासले" मध्ये माझं नाव घातलं. उशिरा. पाच महिने उशिरा.

रात्री निखिल आला, कागद हातात घेऊन तुझ्या खुर्चीत बसला. मग म्हणाला, "बाबा मला का नाही बोलले?" मी म्हटलं, "तू घरी कधी होतास?" हे बोलायला नको होतं, पण बोलले. वहिनीने स्टूल घेतलं आणि माळ्यावरचा गठ्ठा खाली काढला. सोमवारी मी झेरॉक्स घेऊन शाळेत गेले. मिसनी पाहिलं, दोनदा पाहिलं. "उसने बताया क्यों नहीं?" मी म्हटलं, "हमने पूछा नहीं।" आम्ही, म्हटलं मी. तुझी आठवण ठेवून आवाज खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी टुकटुकी वहीत मिसची एक चिठ्ठी घेऊन आली, रेघा ओढायला हरकत नाही.

आता पाच वाजता मी जाते, जमेल तेव्हा. नसेल तेव्हा वहिनी. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही, माझी अक्षरं मिरवणुकीला निघाल्यासारखी एकमेकांना ढकलतात. काल टुकटुकी म्हणाली, "आत्या, तुझा भ पडतोय." खिडकी मात्र तिने बरोबर सोडली. तुझ्या पद्धतीवरचं माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, हेही सांगून ठेवते. गोष्टी हव्यातच. काल मी गोष्ट वाचून दाखवली आणि त्यातलेच शब्द बोडके करून दिले. तू असतास तर म्हणाला असतास, "बरं." आणि त्या बरंचा अर्थ काय, यावर आपण तासभर भांडलो असतो. ते भांडण मला हवंय, मामा. मला तेवढंच हवंय.

आता तू जरा बाजूला हो. हे पान ज्यांच्या हातात आहे त्यांच्याशी मला बोलायचंय.

तुम्ही. हो, तुम्हीच. घरात वाचायला शिकणारं मूल असेल, तर त्याची वही आणा. लाल शाईने गोल केलेली जागा शोधा. मुलाला शेजारी बसवा, त्या जागेवर बोट ठेवा आणि विचारा, "हे तू असं का केलंस?" मग त्याचं सांगून संपेपर्यंत तोंड बंद ठेवा. आणि घरातलं कोणी म्हातारं माणूस हातात कागद घेऊन पाच मिनिटं मागत असेल, तर "नंतर" म्हणू नका. द्या. आज नाही, आत्ता. हे पान खाली ठेवा आणि उठा.